चिमी घोडा देत नाही

खळ्ळकन खुळखुळा फरशीवर पडला आणि घरंगळत सोफ्याखाली गेला. बाळाने आईच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. ती मात्र जागची हलली नाही. समोर जेवणाच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. एका बाजूला क्लबचे सर, दुसऱ्या बाजूला दोन उशांवर चढून बसलेली तिची लेक, चिमी. दोघांपैकी कुणीच मान वर केली नाही.

काल क्लबकडून निरोप आला होता. ऑनलाइन स्पर्धेतल्या चिमीच्या चाली कॉम्प्युटरच्या चालींशी नको तितक्या जुळत होत्या. खेळताना ती चोरून त्याची मदत घेत असावी, असा संशय होता. खरं ठरलं तर क्लबमधून नाव कमी. सर तेवढे म्हणाले होते, "मी घरी येतो. समोरासमोर खेळू. कळेलच."

चिमीला तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं. पण सकाळी पोरगी आंघोळीला गेल्यावर टॅबलेट उघडून तिने सगळं धुंडाळून पाहिलं होतं. काही सापडलं नव्हतं, आणि तरीही जीव थाऱ्यावर आला नव्हता.

सरांनी उंट पुढे काढला. चिमीने अगदी कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

"हे कुणी शिकवलं?"

"टॅबमधल्या कॉम्प्युटरने. तो असंच करतो. आधी काहीच करत नाही, नुसतं कडेचं प्यादं ढकलतो. मग आपणच वैतागून चुकतो."

"रोज खेळतेस त्याच्याशी?"

"बाळ आल्यापासून रोज. आईला वेळ नसतो. आणि बाबा हरायला लागले की त्यांना ऑफिसचा फोन येतो."

सर मिशीतल्या मिशीत हसले. आईने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

डाव रंगत गेला. चिमी मधूनच नाक खाजवायची, पाय हलवायची, आणि चाल मात्र पिकल्या केसांच्या माणसासारखी खेळायची. सरांच्या कपाळावर आठी चढली. मग चिमीने आपला घोडा उचलला, थोडा वेळ हवेत धरला आणि मागे, पार कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"अगं, घोडा देऊन माझा हत्ती मिळत होता तुला. दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग?"

"मी घोडा देत नाही."

"का बरं?"

"सगळ्यांत तो एकटाच उड्या मारतो ना!"

सरांनी खिशातून फोन काढून स्पर्धेतले ते संशयाचे डाव उघडले आणि अंगठ्याने पुढेमागे करू लागले.

"इथे घोडा पळवलास. इथेही. अरे देवा, इथे तर घोड्यापायी अख्खा हत्ती घालवलास!"

"पण जिंकले ना नंतर."

सरांनी चष्मा काढला, हार मानत पटावरचा आपला राजा आडवा केला आणि ते मोठ्याने हसले. बाळ दचकलं.

"ताई, चोरून चाली विचारणारं पोर असला वेडेपणा करणार नाही. मशीनने तिला घोडा केव्हाच द्यायला लावला असता. त्याला कुठला आलाय घोड्याचा लळा? राहिलं तिच्या मशीनसारख्या खेळण्याचं, तर मुलं ज्याच्या संगतीत असतात त्याच्यासारखी बोलायला लागतात, तसं झालंय. मी क्लबला सांगतो. नाव कमी होत नाही तिचं, स्पर्धेतही आहे ती."

आई खुर्चीत बसली. इतका वेळ आपण उभ्याच होतो, हे तिला बसल्यावर कळलं. मग उगाचच हसू यायला लागलं. सरांना चहा विचारायचंही राहून गेलं, हे ते दाराशी पोचल्यावर आठवलं; ते म्हणाले, "पुढच्या खेपेला. हरलोय आज, घशाखाली उतरायचा नाही."

दार लावून ती आली आणि बाळासकट चिमीला कवेत घेऊन तिने तिचे गालगुच्चे घेतले.

"आई, चुरगळतेस!"

"चुरगळू दे. मला शिकव ना खेळायला. आज भांडी पडू देत तशीच."

ती सरांच्या खुर्चीत बसली. बाळ मांडीवर पेंगायला लागलं होतं. चिमीने मोठ्या उत्साहाने दोन्हीकडची प्यादी मांडली, हत्ती कोपऱ्यात ठेवले. मग एक सोंगटी नीट मध्यावर सरकवत, आईकडे न बघता, सहज विचारल्यासारखं तिने विचारलं,

"आई, तुलापण वाटलं होतं का गं, मी चोरून खेळले असेन म्हणून?"