वरवंट्याच्या कानात

डिंडोलीतल्या त्या दोन खोल्यांत बारशाची माणसं मावत नव्हती. बाहेरून कापड विणणाऱ्या लूमची खडखड येत होती, आत पाळण्याला बांधलेल्या झेंडूचा ओला वास दाटला होता. जयश्री सकाळच्या गाडीने नंदुरबारहून आली होती. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि बाळाच्या बापाला, चेतनला, बहीण ती एकटीच.

पाळण्यापाशी जाण्याआधीच भावजयीने तिला मोरीच्या आडोशाला ओढलं.

"ताई, आधी हन्नाचं नाव ठेवा," पूजा म्हणाली. "मग हिचं."

"हन्ना कोण?"

"माझी पहिली."

पूजाची पहिली मुलगी गेल्या वर्षी उधन्याच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीतच गेली होती. पाचवीची, सटीची पूजाही व्हायची होती. मनगटावरच्या पट्टीत 'पूजाचं बाळ' एवढंच लिहिलेलं, आणि तेवढ्यानिशीच तिला तापीकाठी मातीआड केलं. त्यानंतर या घरात ती राखेखालच्या निखाऱ्यासारखी होती. ठाऊक सगळ्यांना, हात कुणी लावत नव्हतं.

"तिथल्या सिस्टरचं नाव हन्ना," पूजा सांगू लागली. "अलिबागकडच्या, ज्यू. मराठी आपल्यासारखीच. 'आम्ही शनिवारतेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे' म्हणून हसायच्या. मला टाके होते, उठवेना. तर पेटीत हात घालून पोरीचा पाय धरून त्या बसायच्या. ती गेली तेव्हा म्हणाल्या, आमच्यात गेलेल्या तान्ह्यालाही नाव देऊन मातीत ठेवतात. नाहीतर तिला हाक कशी मारणार? मी म्हटलं, तुमचंच द्या."

त्या बाईंनी अर्थही सांगितला होता. हिब्रूतला जुना शब्द, अर्थ कृपा. देशोदेशी फिरत तो कुठे ॲना झाला, कुठे ॲन. त्यामागे एक गोष्टही होती. कूस न उजवलेली हन्ना नावाची एक बाई देवळात उभी राहून मूल मागत होती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पुजाऱ्याला वाटलं, दारू प्यायली आहे. पूजाने ही गोष्ट वर्षभर उशाशी घेऊन काढली होती. जयश्रीच्या मनात आलं, जिच्या वाट्याला कृपेचा कणही आला नाही, तिनेच हे नाव वागवावं, हा कुठला न्याय? पण भावजयीच्या डोळ्यांत न्यायाची मागणी नव्हतीच. एका हाकेपुरती जागा तेवढी ती मागत होती.

जयश्रीची आई, मालतीबाई, दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मरेल पोरनं नाव आज काढानं नई, जया," त्या लेकीला म्हणाल्या. आवाज खालचा, पण दारावरच्या अडसरासारखा. "जीवत शे ती पाळनामा. तिनावर सावली नको."

"माय, तुझीच नात होती ती."

"म्हनीसनच सांगस."

आईच्या ओठांचा कोपरा थरथरला, तेव्हा जयश्रीला कळलं, हा कठोरपणा नाही, भय आहे. आणि भयाशी वाद घालता येत नाही.

बायकांनी हाक दिली. रीतीप्रमाणे बाळाआधी वरवंटा पाळण्यातून फिरवायचा होता. घरातला काळा, वापरून गुळगुळीत झालेला वरवंटा न्हाऊ घालून, कुंची घालून तयार होता. पाळण्याखालून, पाळण्यावरून तो या हातातून त्या हातात गेला. बाळावर यायचं ते अरिष्ट दगडावर जावं, म्हणून.

"हे बाळ बरं," शेजारची सरस्वती म्हणाली. "रात्री रडत नाही, दुपटं ओलं करत नाही."

हशा पिकला. वरवंटा जयश्रीच्या हाती आला. थंड होता, आणि वजन नेमकं तान्ह्या जिवासारखं. तिचे हात थबकले. दगडाला ते नाव द्यावं, तर मेलेल्या लेकरावर पुन्हा अरिष्टच लोटल्यासारखं. न द्यावं, तर समोर चटईवर बसलेली पूजा तिच्या हातांकडे पाहते आहे.

तिने कुंचीची कड बाजूला केली आणि ओठ दगडाला लावले. आवाज फुटला नाही. ओठ तेवढे हलले.

"अगं, दगडाला काय सांगतेस? पोरीला सांग," म्हणत सरस्वतीने तिच्या पाठीत धपाटा घातला. मालतीबाई हसल्या नाहीत. जयश्रीने वरवंटा पूजाच्या मांडीवर ठेवला, बाळाला पाळण्यात घातलं आणि तिच्या कानात "कुर्रर्र" करून ठरलेलं नाव सांगितलं. मग मोठ्याने म्हणाली, "धनश्री." घुगऱ्या वाटल्या गेल्या.

पाहुणे पांगले, तरी पूजाच्या मांडीवरून वरवंटा उतरला नव्हता. कुंचीची नाडी तिने नीट बांधली होती. जयश्रीला धास्ती वाटली. जे दिलं ते आता परत कसं मागायचं?

"दे, पाट्यावर ठेवस," मालतीबाई म्हणाल्या.

पूजाने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात पाळण्यातली धनश्री भुकेने कळवळून रडू लागली. पूजाने पाळण्याकडे पाहिलं, मांडीकडे पाहिलं, आणि वरवंटा उचलून सासूच्या हातांत दिला.

"आई, हन्नाला धरा जरा. हिला पाजते."

मालतीबाईंनी धरला. पाटा तिथेच, दोन हातांवर, भिंतीला टेकवलेला होता. त्या पाट्याकडे गेल्या नाहीत. खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बाहेर लूम चालूच होते, आणि त्यांच्या डाव्या पायाने, बहुधा त्यांच्याही नकळत, तान्ह्याला जोजवावं तसा हलका ठेका धरला होता.