माळ्यावरच्या काळ्या पिशवीतला झुला

मी एक जुना झुला आहे. दिवाणखान्यात कड्यांना टांगलेला लाकडी झोपाळा नव्हे. माझे अंग कापडाचे आहे. दोन झाडांना दोन पट्टे बांधायचे, मध्ये मला ताणायचे आणि आत शिरून निवांत पडून राहायचे. मोठी माणसे मला हॅमॉक म्हणतात. छोटी मेगन मात्र झुलाच म्हणते आणि मला तेच आवडते. हल्ली मी मीरा रोडला, पूनम सागर वसाहतीतल्या तिच्या घरी, दाराआडच्या खुंटीवर एका सुती पिशवीत असतो. पिशवीचे तोंड सैल असते. मित्रांनो, सैल तोंडाची पिशवी ही केवढी चैन आहे, हे मला आता कळते. ते कसे कळले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म भाईंदरमधल्या एका गाळ्यात झाला. तिथे शिलाई यंत्रांची दिवसभर खडखड चालायची. रसिकाताईंनी मला शिवले. शिवण पुरी झाली की त्या पट्ट्याचे एक टोक पायाखाली धरत आणि दुसरे दोन्ही हातांनी वर ओढत. शेजारची बाई हसून म्हणे, "अगं, फाडतेस की काय त्याला?" त्यावर त्या म्हणत, "माझ्या हातात फाटला तर बरंच. यात उद्या कुणाचं तरी पोर झोपणार आहे." पलीकडच्या यंत्रावर माझी धाकटी बहीण शिवली जात होती. ती ताडपत्री. माझ्यावर छपरासारखे पसरून दव आणि पाऊस अडवायचा, हे तिचे काम. आम्ही दोघे एकाच गठ्ठ्यातून बाहेर पडलो.

मेगनच्या वडिलांनी, रेनॉल्डने, आम्हाला विकत घेतले. रेनॉल्ड मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. बरेच महिने पाण्यावर राहायचे आणि मग थोडे दिवस घरी. घरी आला की तो मेगनला आणि तिच्या आईला, क्रिस्टलला, घेऊन उत्तनला आपल्या आईकडे जायचा. नोराआजींच्या वाडीत एक माड आणि एक भेंडीचे थोराड झाड आहे, भाजीच्या भेंडीचे नव्हे. त्यांच्यामध्ये मी आणि माझ्या डोक्यावर बहीण. पहिल्यांदा मला पाहिले तेव्हा आजी म्हणाल्या, "ह्यो तर पालना हाय. येवढा घोडा झाला तरी तुला पालना लागतो काय रं?" मग दुपारी कोणी बघत नाही असे पाहून त्या स्वतःच माझ्यात शिरल्या आणि घोरू लागल्या. तेव्हापासून त्या मला नावे ठेवीनाशा झाल्या.

ते सुखाचे दिवस होते. रेनॉल्ड आम्हाला आवरायचासुद्धा प्रेमाने. पालापाचोळा झटकायचा, उन्हात वाळवायचा, पट्टे वेगळे गुंडाळायचा आणि मगच पिशवीत भरायचा.

मग एका मार्चमध्ये आमच्या सुखाची गाडी रुळावरून घसरली. रेनॉल्ड दुसऱ्या दिवशी जहाजावर निघणार होता. उत्तनला पहाटेच्या दवाने आम्ही चिंब झालो होतो. आजींनी आम्हाला अंगणात बोंबील वाळत घातलेल्या बांबूंवर टाकले. वर ऊन आणि दोन्ही बाजूंना बोंबलांच्या रांगा. आम्ही छान वाळलो. पण वास घेऊनच पूनम सागरला परतलो.

रेनॉल्डने आम्हाला बाल्कनीत टाकले, तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या हंसाबेन दारात उभ्या होत्या. नाकाला पदर लावून, पण डोळ्यांत हसू.

"रेनॉल्डभाई, बाल्कनी में पूरा समुंदर लेके आए क्या?"

त्या थट्टा करून निघूनही गेल्या. रेनॉल्डचे कान मात्र लाल झाले. शाकाहारी शेजार, त्यात इतक्या वर्षांचा घरोबा. त्याने लगेच आम्हाला बादलीत बुडवले आणि साबणाने खसाखसा धुतले. वास थोडा उरलाच. पुन्हा बाल्कनीत टाकायची त्याला लाज वाटली. सकाळी तर निघायचे होते. त्याने आम्हा दोघांना ओलेच एका काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले. वर आणखी एक पिशवी चढवली आणि गाठीवर गाठ मारली.

"ओलं आहे रे अजून," क्रिस्टल म्हणाली.

"आलो की बघतो. आधी हा वास तरी बंद होऊ दे."

मेगनने त्याचा हात धरला. "पप्पा, आलास की आधी झुला. प्रॉमिस?"

"प्रॉमिस. उत्तनलाच उघडायची पिशवी. तू पहिली बसणार."

आणि आम्ही माळ्यावर गेलो.

मित्रांनो, अंधाराची भीती मला कधीच नव्हती. पिशवीत राहणे हे तर आमचे घरच. पण त्या पिशवीत हवा नव्हती. बाहेर जाऊ न शकलेले पाणी आमच्याच अंगात मुरत होते. उन्हाळ्यात माळा तापला की आत वाफ धरायची आणि मग तीच वाफ थेंब होऊन परत आमच्यावर पडायची. बहिणीच्या आतला रबरी थर चिकट झाला आणि माझ्या अंगाला येऊन डकला. हलू म्हटले तर जागा नाही. पावसाळ्यात माझ्यावर काळे ठिपके उमटू लागले. आधी एक कोपरा, मग पाठ, मग पट्टा. पट्ट्याच्या शिवणीतला दोरा एकेका टाक्याने कुजतो आहे, हे मला आतून कळत होते. रसिकाताईंनी ओढून पाहिलेली तीच शिवण.

खालून आवाज यायचे. फोनवर मेगन विचारायची, "पप्पा, झुला आहे ना नीट?" आणि लांबून उत्तर यायचे, "आहे ना! माळ्यावर मस्त झोपलाय." मला ओरडावेसे वाटे. पण झुल्याला तोंड कुठले?

नाताळात माळ्याचे दार उघडले. उजेडाची एक फट पिशवीवर पडली. क्रिस्टलचा हात आत आला, अगदी आमच्यापर्यंत आला. बहीण म्हणाली, "आलं हं कुणीतरी!" त्या हाताने आम्हाला मागे सारले, चांदणीचे खोके उचलले आणि दार लागले. त्यानंतर बहीण फारशी बोललीच नाही.

फेब्रुवारीत रेनॉल्ड घरी आला. वचनाप्रमाणे पिशवी न उघडताच उत्तनला नेली. माडाखाली बसून मेगनने एकेक गाठ सोडली आणि नाक दाबून मागे झाली.

"पप्पा, हा काळा का झालाय?"

रेनॉल्डचा चेहरा पडला. त्याने आम्हा भावंडांना सोडवायला ओढले तेव्हा बहिणीची कातडी सालीसारखी सुटून माझ्या अंगावर राहिली. पण पोरीला दिलेला शब्द त्याला मोडायचा नव्हता. "काही नाही गं, धुतला की जाईल," असे म्हणत त्याने घाईघाईने माझे पट्टे झाडांना बांधले.

"रेनॉल्ड, बघून हं," क्रिस्टल म्हणाली.

"बघितलंय गं. चल मेगन, तूच पहिली."

मेगन धावत आली. तिने माझ्या काठाला हात घातला. माडाकडच्या पट्ट्यात मोजके टाके उरले होते आणि खाली माडाची उघडी मुळे होती. हे फक्त मला ठाऊक होते. मी इतका असहाय कधीच नव्हतो; पिशवीतसुद्धा नाही.

"थांब गो बाय!" नोराआजी ओट्यावरून ओरडल्या. "पावसाळाभर पडलेल्या दोरावर आधी मानूस बसवायचा न्हाय. तुजा आजा होडीवर आधी वजन टांगायचा."

"आजी, मी नाही पडत!"

"तू न्हाय गो पडनार. तो पडंल."

आजींनी रेनॉल्डला कोपऱ्यातले नारळ आणायला लावले. एकेक करून ते माझ्यात पडू लागले. मेगन कंटाळून एका पायावर उभी होती. मित्रांनो, वजन पेलणे हा माझा जन्मभराचा अभिमान. पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला तुटावेसे वाटत होते. आत्ता तुटू दे, ती बसल्यावर नको.

आजींनी शेवटची टोपली ओतली. चर्र झाले. पट्टा सुटला आणि सगळे नारळ धाडकन मुळांवर आदळले. एक तर फुटलाच. त्याचे पाणी मेगनच्या पायापर्यंत ओघळत आले.

मेगनने पाय मागे घेत विचारले, "पप्पा, तू पिशवीला एवढ्या गाठी का मारल्या होत्यास?"

रेनॉल्ड खाली बसला. "वास येत होता ना. हंसाबेन काय म्हणतील, म्हणून."

"वासाची लाज?" आजी म्हणाल्या. "बोंबलांच्या पैशावर तर शिकलास तू!"

पण त्यांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

हंसाबेनना हे कळले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, मैंने तो मज़ाक किया था! बोलते तो टेरेस पे मेरे पापड़ के बाजू में सुखा देते." मग मला गच्चीवर त्यांच्याच दोरीवर जागा मिळाली. पापड गच्चीच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. वासाचे नाव त्यांनी काढले नाही. पापड तेवढे थोडे लांब सरकवले. माझे डाग गेले नाहीत, पण अंग घट्ट होते. नवे पट्टे शिवून झाल्यावर मी पुन्हा उत्तनला गेलो. आधी नारळ बसले, मग मेगन. मी तिला झोप लागेपर्यंत पेलले.

बहीण मात्र परत आली नाही. तिचे उरलेसुरले अंग आजींच्या सरपणावर पसरले आहे. वारा आला की ती फडफडते आणि उत्तनला असलो की मी ऐकतो.

मित्रांनो, वस्तू आवरण्याआधी तिला कोरडी होऊ द्या. बांधायची झाली तर सैल बांधा, तिला श्वास घेऊ द्या. आणि एखादी ओल दाखवायची लाज वाटली, तर गाठ मारण्याआधी शेजारच्या दाराची बेल वाजवून बघा. कदाचित त्यांच्या दोरीवर जागा असेल.

आता मला आवरायचे काम मेगनकडे आहे. पिशवीत घालण्याआधी ती मला छातीशी धरते, गाल माझ्या कापडाला लावते आणि थांबते. गालाला गार लागले तर मला परत उन्हात नेते. गार लागले नाही, तर हळूच विचारते, "कोरडा आहेस ना?"

मला तोंड नाही, हे तिला ठाऊक आहे. तरीही ती उत्तराची वाट बघते.