विनोदची सनई, एकोणीस मिनिटं

'लाइव्ह पाहजे, लाइव्ह पाहजे' करतात आजकालचे लोक. पेनड्राइव्ह लावतात, समोर चार पोट्टे हात हलवतात, अन् त्याले लाइव्ह म्हनतात. मस्तक फिरते माहं! मी गुणवंता, पांढुर्ण्याचा डफडेवाला. चाळीस वर्षांपासून लगनात वाजवून राहिलो. अन् सगळ्यात खोटी लाइव्ह मीच वाजवली, तेच सांगतो.

फागुनात सौसरहून एक पोरगी आली. अश्विनी नाव, रघुनाथराव संत्रावाल्यांची नात. हातात वही. हळदीले कोनतं गानं, वरमाळेले कोनतं, मांडवात येताना कोनतं, सगळं लिहून आनलेलं. बँडबी ठरवून झाला होता. मंग माह्याकडे कायले आली बापा, मी मनात म्हनलो.

ती म्हने, "काका, लग्न लागायच्या वेळी मला फक्त विनोदकाकांची सनई पाहिजे. आजोबांना आता दिसत नाही. आईबाबांच्या लग्नात विनोदकाकांनी वाजवली होती, तीच सनई नातीच्या लग्नात ऐकायची म्हणून हट्ट धरून बसले आहेत. पण लाइव्ह हं काका. पेनड्राइव्ह नको."

विनोद माहा लहान भाऊ. त्याले जाऊन दोन वर्षं झाली होती.

'नाही' म्हनायले तोंड उघडलं अन् 'वाजवते ना, कायले नाही वाजवत' असं निघून गेलं. खरं सांगू? दोन वर्षांत विनोदचं नाव घेऊन कोनी माह्या दारात आलं नव्हतं. तिनं 'विनोदकाका' म्हटलं, अन् मले वाटलं तो आतमधी चहा पिऊन राहिला. त्याले पुन्हा कसा मारू मी?

पाप माहंच होतं. डीजे आला, आमच्या सनई-डफड्याले कोनी विचारेना. तवा मले अक्कल सुचली का विनोदची सनई मोबाइलात भरून घ्यावी अन् स्पीकरच्या डब्ब्यावर वाजवावी. जामसांवलीजवळच्या एका लगनात तो नेहमीसारखा बसून वाजवत होता, मी भरून घेतली. संपल्यावर म्हने, "दादा, झालं ना? निघू का मी?" मी मोबाइलातून डोकं बी वर काढलं नाही. म्हनलो, "निघ. आता तू नसला तरी चालते."

मस्करी केली होती जी. सख्ख्या भावाशी मस्करी नाही करायची तर कोनाशी करायची? पन तो हसला नाही. महिनाभरात नागपूरले एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन लागला. पावसाळ्यात तिथंच, खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. सनई घरी ठेवून गेला होता, धुतलेल्या फडक्यात बांधून.

त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी दोघांचे आवाज होते. मीच कापून टाकले, ऐकवत नव्हते. मधातली त्याची हाकबी कापली. वाजवता वाजवता थांबून तो ओरडे, "नवरीले पानी द्या वो कोनी!" आमची बहीण सुप्रिया आपल्या लगनात उपाशीतापाशी उभी राहून बोहल्यावरच चक्कर येऊन पडली होती. तवापासून विनोदचं हे दर लगनात. लोक हसत, नवरीले पानी भेटे. हे सगळं काढल्यावर राहिली निव्वळ सनई, एकोणीस मिनिटं.

लगन लोधीखेड्याले होतं, बैसाखात. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. मी सकाळीच बोहल्याच्या बाजूले एक पडदा बांधला, मागे चटई टाकली, चटईवर डब्बा अन् मोबाइल. कोनी विचारलंच तर विनोदच्या डोळ्याले उजेड सोसत नाही, असं सांगायचं ठरवलं होतं. कोनी विचारलंबी नाही. वाजंत्र्यांकडे कोन पाहते?

पन रघुनाथरावांची खुर्ची त्याहीनं पडद्याले लावूनच ठेवायले सांगतली. आल्या आल्या विचारलं, "गुणवंता, विनोद आला का गा?"

"आला जी."

"शेला आनला त्याच्यासाठी. आन त्याले, माह्या हातानं घालतो."

मी म्हनलो, "सनईची पत्ती ओली करून बसला जी. आता उठवला तर सूर उतरते." काय खोटं, अन् किती पटकन! आजोबानं मान हलवली अन् दोन शेले माह्या हातात देले, एक माहा, एक त्याचा. मी पडद्यामागे गेलो अन् रिकाम्या चटईवर त्याचा शेला घडी करून ठेवला. बटन दाबलं अन् बाहेर येऊन डफड्याले हात लावला.

काय वाजवे बापा माहा भाऊ! आजोबाच्या बंद डोळ्यातून पानी चाललं होतं. अश्विनी तिकडे बोहल्यावर उभी, अंतरपाट तयार, भटजी घड्याळ पाहून राहिले. अन् नवरदेव? नवरदेवाचे दोस्त गेटवर डीजेसमोर नाचून राहिले! नकटीच्या लगनाले सतराशे विघ्नं. बारा वीसचे बारा पस्तीस झाले, मांडव नुसता तापला होता.

मी मिनिटं मोजत होतो. एकोणीस झाली का सनई संपते, मंग उठून पुन्हा लावायची. एकोणीस झाली. सनई थांबली. मी उठाले गेलो.

अन् पडद्यामागून आवाज आला, "नवरीले पानी द्या वो कोनी!"

माहा हात डफड्यावरच राहिला. कापलं होतं जी मी ते. माह्याच बोटानं कापलं होतं.

बायाइनं वळून पाहिलं. अश्विनीच्या मावशीनं पोरीचं तोंड पाहिलं अन् किंचाळलीच. पोरगी पांढरीफटक पडून एका बाजूले कलंडून राहिली होती. चार हातांनी धरलं, बसवलं, पानी पाजलं. आजोबा एकटेच हसले. म्हने, "विनोदच हाय. नवरीची तहान दुसऱ्या कोनाले दिसते?"

उठून पडदा सरकवावा म्हटलं तर उठवेना. अन् पुन्हा आवाज आला, हळू, फक्त मले अन् आजोबाले ऐकू येईल इतका.

"दादा, झालं ना? निघू का मी?"

यापुढे काय आहे ते मले पाठ होतं. आता माहाच आवाज येईल, या म्हाताऱ्या मानसाच्या कानावर पडेल, असं वाटून मी डोळे मिटले. पन आवाज आला नाही. नुसती शांतता होती, कोनी उत्तराची वाट पाहते तशी. मंग मले समजलं का ते आता मलेच बोलाचं आहे.

"नको निघू विनू," मी म्हनलो. रडूच फुटलं. "तू नसला तर नाही चालत रे. कवाच नाही चाललं."

आजोबानं हात चाचपत माह्या खांद्यावर ठेवला.

तेवढ्यात नवरदेव आला, घामाघूम. मंगलाष्टकं झाली. शेवटचं 'सावधान' झालं अन् अक्षता उडल्या, मी डफड्यावर थाप मारली. मले सनई ऐकू येत नव्हती, इमानानं सांगतो. तरी मी एकट्यासारखं नाही वाजवलं. त्याच्या सुरासाठी जागा सोडत सोडत वाजवलं, पहिले वाजवत होतो तसं. अन् आजोबा बाजूले बसून मान डोलवत होते. माह्या थापेवर नाही, मधातल्या जागेवर.

लोक जेवाले गेले. आजोबा म्हने, "शेवटचं सगळ्यात गोड वाजवलं त्यानं. आता जाऊ दे त्याले गुणवंता, दमला असन."

मी पडद्यामागे गेलो. मोबाइल पाहिला, एकोणीस मिनिटं संपून केव्हाचा बंद पडला होता. शेला तिथंच, घडी न मोडता. मी चटईसमोर बसलो. दोन वर्षं हेच एक सांगाचं राहून गेलं होतं, अन् तोंडातून निघता निघत नव्हतं.

"झालं बाबू," मी म्हनलो. "लय चांगलं झालं. आता निघ."