गाठींची सुतळी

मित्रांनो, मी एक जुनं कासव आहे. किती जुनं, याच एका प्रश्नावर माझा जीव टांगलेला आहे.

नांदूरघाटजवळच्या पाणी सोसायटीच्या विहिरीत सरूबाईने मला सोडलं, तेव्हा मी तिच्या तळहातावर मावत होतो. कासवामुळे पाणी स्वच्छ राहतं, असं तिथली माणसं म्हणत. दर उन्हाळ्यात सभासद मिळून गाळ काढत. तेव्हा सरूबाई मला घमेल्यात घेई, पाठीवर सुतळी लावी आणि कवच संपेल तिथं गाठ मारी. कधी टोचणं नाही, कधी ओरखडा नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी नवी गाठ जरा पुढे पडे. दुष्काळात ती जुन्या गाठीला चिकटूनच बसे. मला तिचा फार लळा लागला होता.

मग लागोपाठ तीन वर्षं पाऊस झाला नाही. विहिरीचा तळ उघडा पडला. सोसायटीचा चेअरमन जालिंदर कुठूनसं ऐकून आला, की शंभरी भरलेलं कासव तळाशी जिवंत पुरलं की झरा फुटतो. वर्षाला एक वळी, असं धरून त्याने माझ्या कवचावरच्या वाढीच्या वळ्या मोजल्या.

“एकशे सतरा!” तो ओरडला. “खड्डा खांदा बे!”

कुदळीचे घाव माझ्या पोटाला जाणवत होते. मी मान आत ओढून घेतली. तेवढ्यात सरूबाई सुतळी घेऊन धावत आली.

“कावून येड्यावानी करतूस, जालिंदर? पाठीवर कवचाची तेरा घरं, एकेका घरात नऊ वळ्या. तू समद्यांची बेरीज केलीस! अन् दुष्काळात वळी पडतच न्हाई. ह्या गाठी मोज. अठरा हायत.”

जालिंदरने गाठी नखाने दोनदा मोजल्या. त्याचा चेहरा पडला.

“ऱ्हाऊ द्या मंग,” तो गड्यांना म्हणाला. “पर खड्डा बुजवू नका.”

सरूबाईने मला घरच्या हौदात ठेवलं. पुढेही दर उन्हाळ्यात ती एक गाठ मारत राहिली. गेल्या पौषात ती वारली. मी दोन दिवस काही खाल्लं नाही.

यंदा पुन्हा विहीर आटली आहे. काल जालिंदर हौदाच्या काठावर येऊन बसला. त्याच्या हातात सरूबाईची सुतळी होती. तो गाठी मोजत नव्हता, मित्रांनो. तो एकामागून एक नव्या गाठी मारत होता.

आमचं वय जरूर शोधा. हळुवार हाताने, वर्षानुवर्षं मोजून शोधा. पण कोणी “शंभरी भरली” म्हणत कुदळ उचलली, तर त्याच्या हातातली सुतळी मागून घ्या आणि या गाठी कोणी मारल्या, एवढं विचारा. मला विचारता येत नाही.