शेवटचं कोण?

डोंगरातली ऑरेलिया पहिल्यांदाच एकटी कादिझ शहर बघायला आली होती. सकाळपासून समुद्र झाला, चर्च झालं, पण तिच्याशी अवाक्षर कुणी बोललं नव्हतं. फिरत फिरत ती मंडईत शिरली. मासळीच्या गाळ्यापुढं रांग अशी नव्हतीच, नुसता घोळका. गावच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "शेवटचं कोण?"

"मी," एक म्हातारा म्हणाला. "आता माझ्यामागं तुम्ही. काय घेणार?"

"काही नाही. हॉटेलात उतरलेय, तिथं चूल कुठंय?"

"मग इथं माशांचं तोंड बघायला उभ्या राहिलात?"

ती ओशाळून निघणार, तेवढ्यात पिशवी घेतलेली एक पोरगी धापा टाकत आली. "शेवटचं कोण?"

ऑरेलियाचा हात आपसूक वर गेला. "मी गं. माझ्यामागं तू."

म्हातारा जरासा सरकला, ऑरेलियाला नीट उभं राहता यावं म्हणून.