तिसऱ्या नंबरचा माणूस

रसमियाने दगड उचलला, लोणच्यासाठीच्या हिरव्या जैतुनावर बेताने मारला आणि चिरलेलं फळ बादलीतल्या पाण्यात टाकत म्हणाली, "पाच लिही."

समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीने पाच लिहिलं. दीमा तिचं नाव. लोकांची मतं गोळा करणाऱ्या कुठल्याशा संस्थेकडून रामल्लाहून आली होती. शांततेबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, असं तिने दारातच सांगितलं होतं. गळ्यात ओळखपत्र, पायांत पांढरे बूट आणि गावाचा चढ चढून लालबुंद झालेलं तोंड.

"अठरा वर्षांवरचे पाच. थोरल्यापासून नावं सांगा, हाज्जा."

"हजला अजून गेले नाही मी. तिथे जायला परवाना लागतो, आणि इथे माझ्या शेतावर जायलाही लागतो. शेताच्याच रांगेत जन्म चाललाय. मला उम्म जवदत म्हण, जवदतची आई."

"बरं, उम्म जवदत."

"नवरा खलफ, बहात्तर. मग मी, सहासष्ट. मग नाएल, तेहेतीस. त्याची बायको निहाया, तीस. आणि ती पायरीवर फोनमध्ये नाक खुपसून बसलीय ना, ती शेंडेफळ लुब्ना. चोवीसची झाली, अक्कल अजून चौदाची आहे. थोरला जवदत अम्मानला असतो, त्याला धरू नकोस. वर्षातून एकदा येतो, तोही पाहुण्यासारखा."

दीमाने कागद उलटला. मागे आकड्यांचा तक्ता होता. त्यावरून तिचं बोट सरकत गेलं आणि थांबलं.

"कुणाशी बोलायचं ते आम्ही ठरवत नाही, हा तक्ता ठरवतो. पाच माणसं असली तर या फॉर्मवर तिसरा नंबर. म्हणजे नाएल. घरात आहे का?"

खलफने रेडिओचा आवाज बारीक केला. चहाचा ट्रे घेऊन येणारी निहाया उंबऱ्यातच थबकली.

"येईल," रसमिया म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत?"

"ते ज्यांनी नेला त्यांना विचार. चौदा महिने झाले. सहा महिने झाले की एक कागद येतो, आणखी सहा महिने. गुन्हा काय ते त्याला सांगत नाहीत, वकिलाला सांगत नाहीत. मला कोण सांगणार?"

दीमाने पेन खाली घेतलं. तिचा चेहरा पडला, पण नियम तिला पाठ होता. मागचे तीन महिने जो या घरात झोपला नाही, तो या घरातला धरता येत नाही.

"झोपला नाही? रात्री त्याची गादी घातलेली असते, सकाळी गुंडाळलेली असते. विचार तिला, त्या ट्रेवालीला!"

"मला समजतंय, खाला. पण..."

आणि तिने नाएलच्या नावावर रेघ ओढली. रसमिया शाळेत दोनच वर्षं गेली होती. वर्तमानपत्र तिला वाचता येत नसे. पण पोरांची नावं ओळखण्यापुरती अक्षरं तिला येत होती, आणि रेघ वाचायला शाळा लागत नाही.

"ते बंदुका घेऊन आले आणि त्याला घेऊन गेले," ती म्हणाली. "तू पेन घेऊन आलीस."

मुलीचे डोळे भरले. "नियम माझा नाही. तिकडे इस्रायलमध्येही याच आठवड्यात हेच प्रश्न विचारतायत, याच नियमाने. दोन्हीकडची उत्तरं शेजारी-शेजारी छापणार आहेत."

"अस्सं? मग त्यांची फौजेतली पोरं? जी माझं दार तोडून आत आली, ती त्या दिवशी स्वतःच्या घरी झोपली होती का? त्यांना धरतात की त्यांनाही खोडतात?"

"ते... मला माहीत नाही."

"घ्या! मला दहा प्रश्न विचारायला आलीय, आणि माझ्या एकाचं उत्तर हिच्याकडे नाही."

दीमा मान खाली घालून पुन्हा तक्त्यात शिरली. आता माणसं चार. बोट सरकलं, थांबलं. पुन्हा तिसराच नंबर. पण नाएल गेल्यावर तिसरी जागा त्याच्या बायकोची झाली होती.

"निहाया," ती म्हणाली.

सगळ्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. पाचवी मुलगी झाली तेव्हा बापाने तिचं नाव निहाया ठेवलं, निहाया म्हणजे शेवट. तरी तिच्या पाठीवर आणखी दोघी आल्याच. सात वर्षांपूर्वी ती या घरात आली. एवढ्या काळात तिचं मत कुणी विचारलं असेल तर ते मिठाबद्दल.

"दोन राज्यं सांग, त्यांचं एक, आपलं एक," खलफ खुर्चीतून पुढे झुकला. "स्वच्छ सांग, लाजू नकोस. शांततेचा करार झाला त्या दिवशी या हातांनी मी त्यांच्या जीपवर जैतुनाची फांदी ठेवली होती. शिपाई हसला होता. मी पाहिलंय."

"बाबा, त्या फांदीचं सरपणसुद्धा झालं नाही," लुब्ना पायरीवरून म्हणाली. "निहाया, एकच राज्य म्हण. सगळ्यांना सारखं मत. नाहीतर काही नको."

"एक राज्य! आधी नणंद-भावजयीत एक मोरी वाटून घ्यायला शिका."

"मोरीचं दार तुम्ही तासभर लावून बसता, आम्ही नाही."

"गप्प बसा दोघंही!" रसमियाने दगड आपटला. "हिने सांगायचं ते या घराचं सांगायचं. शेताकडचं फाटक उघडा, माझं पोर घरी आणा, आणि मग या विचारायला. शांततेला म्हणे चार पर्याय! माझ्या झाडांपर्यंत जायला एक रस्ता नाही आणि यांचे चार पर्याय!"

"उत्तरं देताना खोलीत दुसरं कुणी नको," दीमा हळूच म्हणाली. "तोही नियम आहे."

अशा रीतीने सेहेचाळीस वर्षं या घरात पीठ मळणारी बाई स्वतःच्याच बंद दाराबाहेर बसली आणि सून आत गेली.

रसमियाने पुढचं जैतून दगडावर ठेवलं. चीर पडली पाहिजे, पण आतली बी फुटता कामा नये. फुटली तर तिचे तुकडे बरणीभर होतात आणि खाणारा घरच्या बाईला नावं ठेवतो. निहायाला हे शिकवताना तिने काय कमी तोंड सोडलं होतं? "तुझ्या माहेरी जैतुनं ठेचतात की उखळात कुटतात?"

आतून दीमाचा आवाज यायचा, एका सुरातला, धड्यासारखा. पूर्ण सहमत, थोडं सहमत, थोडं असहमत. निहायाचा शब्द काही बाहेर येत नव्हता.

कडकन बी फुटली.

इतकी वर्षं लोक येत होते. कॅमेरेवाले आले, गाड्यांतून साहेब आले, टोप्या घातलेले परदेशी पाहुणे आले. प्रत्येकाकडे रसमियाबद्दल एक मत तयार होतं. तिने काय सोसावं, काय विसरावं, कशावर सही करावी. एकदाच एक म्हातारी आली होती, पलीकडची, इस्रायलमधल्या हैफाची. तोडणीला मदत करायला म्हणून. तिने एकच प्रश्न विचारला होता, शिडी कुठे लावू? रसमियाने तिला स्वतःच्या पेल्यातून चहा दिला होता.

कडकन आणखी एक. फुटकी फळंही ती रागारागाने बादलीत टाकत राहिली.

दार उघडलं. दीमा कागद छातीशी धरून उभी होती.

"खाला, जरा आत येता का? वहिनी स्वतःचं उत्तर देतच नाहीत. काहीही विचारलं की नाएल असं म्हणेल, नाएल तसं म्हणेल. मला त्यांचं हवंय. दुसऱ्याचं लिहिलं तर फॉर्म बाद होतो."

रसमियाचा ऊर भरून आला. "शाब्बास," ती मोठ्याने म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. खोडा म्हणावं आता! ओढा रेघ!

आत निहाया गुंडाळलेल्या गादीच्या कडेला टेकून बसली होती.

"आता काय विचारलंस हिला?"

दीमाने वाचलं. "आपल्या हयातीत या दोन लोकांमध्ये शांतता होईल असं वाटतं का? नक्की होईल, बहुधा होईल, बहुधा होणार नाही, कधीच होणार नाही."

"मग? काय म्हणाला माझा नाएल?"

निहायाने मान वर केली नाही. "बहुधा होईल, म्हणेल."

रसमियाने वाकून सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

नाएल? बातम्यांत शांतता हा शब्द आला की टीव्हीवर चप्पल फेकणारा नाएल? बाबांना खुर्चीत गुंतवून ठेवायला हा शब्द काढलाय, असं म्हणणारा? तुरुंगातल्या भेटीचा परवाना फक्त रसमियालाच मिळत असे. निहायाचा अर्ज दर वेळी परत यायचा. चौदा महिने तिने नवऱ्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. काचेपलीकडून, फोनवरून तो काय बोलतो ते एकट्या रसमियाला ठाऊक. बापाची साखर किती, शाळेत जायला लागलेल्या त्याच्या पोरीचे दात पडले का, यंदा झाडं कशी धरलीत. शांततेचं नाव त्याने एकदाही काढलं नव्हतं.

खोटारडे. शब्द जिभेवर आला होता. माझ्या पोराच्या तोंडात शब्द घालतेस? तो इथे नाही म्हणून?

निहायाचा हात गादीच्या खोळीवरून फिरत होता, नसलेली सुरकुती काढत. खोळ स्वच्छ होती. कडेला नवी शिवण होती. रसमिया त्या शिवणीकडे पाहत राहिली. गादी घालत जा, असं सुनेला तिनेच बजावलं होतं, खरं. पण ते पहिल्या आठवड्यात. त्यानंतर तिने सांगितल्याचं तिला आठवेना.

बाहेर रेडिओ खरखरला. कुणीतरी बंद केला.

"बरोबर," रसमिया म्हणाली. आवाज गरजेपेक्षा मोठा आला. "म्हणेल तो असं. पण त्याला तू खोडलंस ना? मग हे हिच्या नावावर लिही."

"वहिनी, चालेल? तुमचं स्वतःचं म्हणून?"

निहायाने दीमाकडे नाही, सासूकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मला कुणी विचारलंय? बोल."

"लिहा," निहाया म्हणाली. "माझं आहे."

"आणि आधीची उत्तरं?"

"आधीचीही."

पेन भराभर चाललं. जाताना दारात रसमियाने मुलीचा दंड धरला. "माझंही ऐक. होणार नाही. माझ्या हयातीत तर नाहीच."

"खाला, तुमचं लिहिता येत नाही मला."

"माहीत आहे. लिहू नकोस. ऐकलंस, बास."

दीमा शेजारच्या आळीकडे वळली. चहा निवून गेला होता. चहात घातलेली मरमियाची पानं पेल्यांच्या तळाशी बसली होती. खलफ वाटच पाहत होता.

"काय सांगितलं तिने? दोन?"

"एकच म्हणाली असेल," लुब्ना म्हणाली.

"ते विचारायचं नसतं," रसमिया चटईवर बसत म्हणाली. "नियम आहे."

निहाया येऊन समोर बसली. बाह्या वर करून तिने बादलीत हात घातला. बोटांनीच चाचपून एक फुटक्या बीचं जैतून काढलं, मग दुसरं, मग तिसरं. सात निघाली. तिने ती ओढणीच्या टोकात घेतली आणि टोक गुंडाळून घेतलं.

रसमियाने ते पाहिलं. दगड दोघींच्या मध्ये ठेवला.

"ऊन आहे अजून," ती म्हणाली. "ती गादी बाहेर टाक जरा. ओल धरली असेल."