अकरा वर्षांचे दोरे

माझे यजमान गेल्या ज्येष्ठापासून आमच्या हॉलमधल्या वडाखाली बसलेले आहेत. वड कुंडीतला आहे, सव्वा फूट उंच, आणि हे त्याच्या सावलीत नीट मावतील एवढे. वटपौर्णिमेला सगळ्या बायका फेऱ्या घालून गेल्या, मी पूजेचं ताट आवरायला आत गेले आणि बाहेर येऊन पाहते तर हे बुंध्याला टेकून पेपर वाचत होते. मी म्हटलं, अहो, चहा गार होतोय. तर म्हणाले, इथेच दे. तेव्हापासून खोकल्याच्या औषधाच्या झाकणातून चहा देते. पहिले दोन दिवस मला फार राग आला होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे तसेही बसूनच असायचे, तेव्हा मग सवय झाली.

कार्तिकात वडाची पानं पिवळी पडली आणि त्याच आठवड्यात घर आवळायला लागलं. आमचा हॉल अकरा फरशांचा. एके दिवशी केर काढताना दहाच भरल्या. कुठे तडा नाही, काही नाही, एक ओळ नव्हती एवढंच. सोफा होता तिथेच होता आणि टीव्ही त्याच्या जवळ आला होता. चार दिवसांनी नऊ भरल्या. त्या दिवशी यांना धाप लागली. पेपर खाली ठेवून हे छातीवर हात घेऊन बसले आणि मी विचारलं तर म्हणाले की काही नाही, जरा कोंदट वाटतंय.

मला वडाचं कळतं. वीस वर्षं बोन्साय करते आहे, मिरजेच्या फुलांच्या प्रदर्शनात दोनदा बक्षीस घेतलं आहे. मी आधी पाण्याचा संशय घेतला. मातीत उदबत्तीची काडी खुपसून पाहिली, ती ओलसर निघाली, चिखल नव्हता. मग फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली. कोळी कीड असती तर कागदावर लाल ठिपके चालायला लागले असते. ते नव्हते, वरून यांचा चष्मा तेवढा पडला, कारण हे तेव्हा खालच्या फांदीवर पाय मोकळे करत होते. कडुलिंबाचं तेल फवारायचं मनात होतं, पण यांना वासाने शिंका येतात. शेवटी झाड उचलून मुळं पाहिली. यांना म्हटलं, बुंधा घट्ट धरा. मुळं वरून बरी दिसली, पण बारीक तंतू सगळे वाळले होते. वर खाऊन-पिऊन असलेलं झाड खाली उपाशी होतं. हे का व्हावं ते मला कळेना, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मी घाबरले.

मी ताम्हनकरबाईंना बोलावलं. मला बोन्साय त्यांनीच शिकवलं. ऐंशीच्या घरातल्या आहेत, कोणाचं कौतुक करत नाहीत. त्या आल्या तेव्हा हॉल सात फरशांचा होता आणि दार अर्धंच उघडत होतं, तर तिरक्या होऊन आत आल्या. घराबद्दल काही बोलल्या नाहीत. यांना नमस्कार केला, यांनीही बसल्या बसल्या केला. मग त्यांनी भिंग काढलं आणि बुंध्याला बांधलेले दोरे बोटाने बाजूला सारले.

"हे कधीपासून आहेत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, अकरा वर्षं. गावातला मोठा वड रस्ता रुंद करताना गेला, तेव्हापासून आमच्या इमारतीतल्या बाकीच्या पाचही बायका वटपौर्णिमेला माझ्याकडेच येतात. कुंडी मधोमध स्टुलावर ठेवायची आणि भोवती सात फेऱ्या घालत बुंध्याला दोरा गुंडाळायचा. वड घरचा म्हणून पहिला मान माझा. मग बाकीच्या.

"आणि सोडले नाहीत?"

मी म्हटलं, नवऱ्याच्या आयुष्यासाठी बांधलेला दोरा कोण सोडतं?

"तार किती दिवस ठेवतेस?" त्यांनी विचारलं. फांदीला वळण द्यायला तार गुंडाळली तर तिच्यावर माझं बारा महिने लक्ष असतं. सालीत रुतायच्या आत मी ती कापून काढते, आणि नव्या मुलींना पहिला धडा हाच देते. दोऱ्याकडे मी कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. ताम्हनकरबाईंनी माझं बोट धरून दोऱ्यांच्या वर ठेवलं. तिथे बुंधा सुजला होता. खाली तो माझ्या करंगळीएवढाच उरला होता.

म्हणाल्या की पानांनी केलेलं अन्न खाली मुळांपर्यंत पोचत नाही, फास बसला आहे. सगळे दोरे काढ. वरचे काढून उपयोग नाही, सगळ्यात आतला रुतला आहे, तो सुटला पाहिजे. आठ दिवस आहेत तुझ्याकडे. मग यांच्याकडे पाहून त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, यांच्याकडेही तेवढेच. जाताना दारातून निघायला त्यांना वेळ लागला.

मी सगळ्या बायकांना बोलावलं. पाचही जणी आल्या आणि भिंतीला पाठ लावून ओळीत उभ्या राहिल्या, कारण बसायला जागा नव्हती. घरं सगळ्यांचीच आवळली होती. हिरेमठबाई म्हणाल्या की त्यांनी पलंग उभा करून ठेवला आहे आणि दोघं आळीपाळीने झोपतात. निमकरबाईंचं स्वयंपाकघर आता कपाटाएवढं होतं. तरीही दोरे कापायला कोणी तयार होईना. प्रत्येकीचं म्हणणं एकच होतं, बाकीच्यांचे कापा, माझा राहू द्या. मी त्यांना समजावलं की दोरे एकावर एक आहेत, मधला ठेवून आतला काढता येत नाही. शेवटी निमकरबाई म्हणाल्या, वरून सुरुवात तर करा, काही झालं तर थांबा. मी कबूल झाले. मला यांचा श्वास ऐकू येत होता, तेव्हा मी कशालाही कबूल झाले असते.

मी नखं काढायची कात्री घेतली. सर्वांत वर यंदाचा निमकरबाईंचा दोरा, त्याखाली हिरेमठबाईंचा, मग बाकीच्या तिघींचे आणि शेवटी माझा. मग गेल्या वर्षीचे, तेही त्याच क्रमाने. पाचजणींपैकी कोणाला शंका आली की त्या खाली जाऊन नवरा आहे ना ते पाहून यायच्या. सगळे होते. कोणी दाढी करत होतं, कोणी झोपलं होतं. दुपारपर्यंत दहा वर्षांचे दोरे निघाले आणि स्टुलाखाली सुताचा ढीग झाला. वडात काही फरक पडला नाही. हॉल मात्र पाच फरशांवर आला आणि बायकांची गुडघ्यांवरची पातळं माझ्या पाठीला लागायला लागली.

राहिला पहिल्या वर्षीचा थर. तो सालीच्या आत होता. मी टोचणीने साल उचलली आणि निमकरबाईंचा दोरा कापला.

खालच्या मजल्यावर दार उघडलं. कोणीतरी पायात चपला घातल्या. पावलं सावकाश जिना उतरून गेली आणि फाटकाची कडी वाजली. निमकरबाई खिडकीशी होत्या. त्यांनी बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं.

"डबा न घेताच गेले," त्या म्हणाल्या.

मग हिरेमठबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात ओला होता. त्यांनी मला आठवण करून दिली की काही झालं तर थांबायचं असं ठरलं आहे. ते खरं होतं. त्यांच्या नवऱ्याला मी ओळखते, दिवाळीत आमच्या दिव्यांची माळ तेच लावून देतात. मी खाली पाहिलं. हे आता मातीवर आडवे झाले होते, ओठ निळसर होते, आणि हात उचलून मला खुणेने जवळ बोलवत होते. मी कान कुंडीच्या काठाशी नेला.

"नलू," हे म्हणाले, "मला श्वास घेता येत नाही."

बत्तीस वर्षांत यांनी मला स्वतःबद्दल एवढं कधी सांगितलं नव्हतं. मला हे जिवंत हवे होते, बाकी कोणाचं काय होतं याची मला त्या क्षणी पर्वा नव्हती. मी हिरेमठबाईंचा हात झटकला आणि त्यांच्याकडे न बघता त्यांचा दोरा कापला. दार, चपला, जिना, कडी. मग उरलेल्या तिघींचे ओळीने कापले. तीन वेळा दार, तीन वेळा कडी. कोणी रडलं नाही. भिंत माझ्या खांद्याला टेकली होती आणि मला कात्री उघडायला कोपर शरीराशी धरावं लागत होतं.

आता एकच दोरा राहिला. माझा, पहिल्या वर्षीचा, हळदीत बुडवलेला. तो लाकडात गेला होता.

"आता तुमचा कापा, नलिनीताई," हिरेमठबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

सात फेरे होते. मी पहिला कापला आणि यांच्या ओठांचा निळेपणा गेला. दुसऱ्याला हे उठून बसले. तिसऱ्या आणि चौथ्याला त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि वडाचं एक पिवळं पान माझ्यासमोर देठापासून हिरवं होत गेलं. पाचव्याला हे कुंडीच्या काठावर पाय सोडून बसले, आणि आता ते माझ्या हाताएवढे होते. सहाव्याला जमिनीवर उतरले. मोठे झाले तरी जागा पुरली, कारण यांच्या बाजूची भिंत मागे सरकली होती. माझ्या बाजूची तिथेच होती. यांनी शर्टाची माती झटकली, केसांवरून हात फिरवला. बरे दिसत होते, लग्नात दिसले होते तेवढे बरे. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मी सातव्या फेऱ्याला कात्री लावली. तो अर्धा तुटला आणि उरलेला अर्धा आपोआप उसवायला लागला, एकेक तंतू.

हे सोफ्याखाली वाकून पाहत होते. मग दारामागे पाहिलं.

"अगं," हे म्हणाले, "माझ्या चपला कुठे आहेत?"

पाचही जणी माझ्याकडे बघत होत्या. चपला कुठे आहेत ते मला माहीत होतं. मी कात्री खाली ठेवली आणि उसवणाऱ्या दोऱ्यावर अंगठा दाबून धरला. यांचा श्वास पुन्हा आखूड झाला. यांनी एक हात छातीवर ठेवला आणि तेच पुन्हा विचारलं. मी अंगठा तसाच ठेवून, आठवत असल्यासारखं केलं.